घोरपडीच्या पिल्लांचे अंगठे

त्या घरात कुत्रीला पिल्लं झाली की तिसऱ्या दिवशी त्यांची जगाशी खरी ओळख करून दिली जायची. डोळे मिटलेले, कान बंद, दूध कुठे आहे एवढंच काय ते कळतंय, आणि अप्पा एकेकाला डाव्या तळहातावर उताणं घेऊन पुढच्या दोन्ही पायांचे अंगठे कात्रीनं उडवायचे. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या अंगानं, जमिनीला न टेकणारं एक सुटं बोट असतं, नखासकट. त्यालाच हे लोक अंगठा म्हणत. इकडून कच्च, तिकडून कच्च, वर रक्त थांबवायची पूड दाबायची आणि पिल्लू परत टोपलीत. शेंगांची देठं खुडावीत इतक्या सहज त्यांचा हात चालायचा.

घराचा धंदा रानडुकरं धरण्याचा. शेतात, बागांत डुकरं घुसली की मालकांचे फोन यायचे. आसपास घरं, कामाला आलेली माणसं, म्हणून बंदूक चालवायची सोय नव्हती. सगळं काम कुत्र्यांवर आणि सुऱ्यावर. कुत्र्यांच्या दोन जाती घरानंच पाडलेल्या: हुडके आणि पकडे. हुडके पुढे पळून वास काढत, भुंकून डुकराला कोंडीत आणत. मग पकडे सुटत. पकड्यानं डुकराचा कान धरायचा, दाढेपर्यंत तोंडात घ्यायचा आणि सोडायचा नाही. मागून माणूस येणार, डुकराच्या मानेवर गुडघा टेकणार आणि पुढच्या पायामागे सुरा घालणार. डुक्कर सैल पडलं की कुत्रं आपणहून सोडतं.

आपणहून, हे महत्त्वाचं. अप्पांच्या कुत्र्यांना ‘सोड’ हा शब्दच शिकवलेला नव्हता. दुसरे शिकारी शिकवत. पण अप्पांचा एक चुलतभाऊ फार पूर्वी ऐन वेळी घाबरला आणि ‘सोड, सोड’ म्हणून ओरडला. कुत्र्यानं आज्ञा पाळली. सुटलेल्या डुकरानं चुलतभावाची मांडी अशी उसवली की त्याला घरी आणेपर्यंत त्याच्यात जीव उरला नव्हता. ‘शब्दावर सोडणारं कुत्रं माझ्या दारात नको,’ अप्पा म्हणाले, आणि अप्पा म्हणाले म्हणजे झालं. त्यांचा आवाज चढला की या घरातल्या भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहत.

आता अप्पांचे गुडघे गेले होते, म्हणून सुरा त्यांच्या थोरल्या मुलीकडे आला होता. सुरा आला, शब्द आला नव्हता. कुणाला कधी सोडायचं, कुठलं पिल्लू ठेवायचं, कुठलं विकायचं, सगळं अप्पाच ठरवत. थोरली चाळिशीला आलेली, हाताची पक्की, तोंडाची त्याहून पक्की. लग्न करून गेली होती आणि वर्षभरात ‘तिथली माणसं फार हळू बोलतात’ म्हणत परत आली होती. पाठचा भाऊ धाकटा. तो गाडी चालवायचा, मांस उतरवायचा आणि उरलेला वेळ विनोद करण्यात घालवायचा. बापाच्या घरात टिकायचे प्रत्येकाचे आपापले मार्ग असतात.

थोरलीला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. घोरपडीच्या पिल्लांचे अंगठे राहावेत, आणि ते अप्पांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं. भांडून नको, दबावाखाली नको. पटून म्हणावं. या घरात आजवर कुणाला काही पटलं म्हणून झालं नव्हतं, आणि तिला नेमकं तेच बघायचं होतं.

घोरपड म्हणजे तिची कुत्री. बाहेरून, मोठी झाल्यावर आणलेली, त्यामुळे तिचे अंगठे शाबूत; धरायची शिकवण मात्र अप्पांचीच. धरलं की सुटत नाही म्हणून धाकट्यानं तिचं नाव घोरपड ठेवलं. गेल्या हंगामात एका खोल ओढ्याच्या दरडीवर तिनं आणि बोक्यानं मिळून एक नर डुक्कर धरलं होतं. बोका हे अप्पांच्या हातचं कुत्रं, अंगठे काढलेलं, छातीनं रुंद आणि अकलेनं बेताचं. डुक्कर उलटं फिरलं आणि तिघंही घसरत खाली चिखलात गेली. बोका दरडीवर पंजे मारत राहिला आणि दर वेळी डुकराच्या तोंडाशी परत आला. डुकरानं त्याचं पोट एका झटक्यात उघडलं. आतडी पायात अडकत होती तरी तो चढायला बघत होता. घोरपड मात्र मनगटं वाकवून, अंगठे मातीत रुतवून त्याच दरडीवर चढली, वर जाऊन वळली आणि वरून उडी टाकून तिनं डुकराचा कान परत धरला. थोरलीनं खाली उतरून आधी डुकराला सुरा घातला आणि मग बोक्याला. दुसऱ्या वेळी तिचा हात थरथरला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

“अप्पा, बोक्याला अंगठे असते तर तो वर आला असता,” ती त्या दिवशी म्हणाली.

“बोक्याला नशीब असतं तर तो वर आला असता.”

“घोरपड आली ना?”

“ती काचेवरसुद्धा चढेल. तिचं उदाहरण देऊ नकोस.”

“आणि आपल्या सगळ्या कुत्र्यांची मनगटं सहाव्या वर्षी सुजून बसतात, त्याचं काय? पळताना वळायला आधारच नाही त्यांना. जनावरांचे डॉक्टरही म्हणाले, मागच्या पायांचे लोंबते अंगठे असतील ते काढा, पुढचे हाडाला धरून असतात, ते ठेवा.”

“डॉक्टरला म्हणावं, एक डुक्कर धरून दाखव, मग सल्ला दे.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून अप्पांना उडवून लावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्याकडेही कारण होतं. तरुणपणी त्यांचं पहिलं कुत्रं काटेरी तारेत अडकलं होतं. अंगठा मुळासकट उपसून कातड्यावर लोंबत राहिला. ते येडं तसंच दिवसभर डुकरामागे पळालं. आठवड्यात पाय खांद्यापर्यंत सुजला, घाण वास यायला लागला. अप्पांनी कुऱ्हाडीच्या पाठीनं त्याच्या डोक्यात घाव घातला. एका घावात जमलं नाही. “तो माझ्याकडे बघत होता,” एवढंच ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. खोट्या माणसाशी भांडायला मजा येते. खरं दुखलेल्याशी भांडताना शब्द सापडत नाहीत, थोरलीचंही तेच व्हायचं.

घोरपड व्याली. सहा पिल्लं, सगळी धडधाकट. थोरलीनं पुन्हा विषय काढला तेव्हा अप्पा पायाला तेल चोळत होते.

“बघू,” ते म्हणाले.

अप्पांच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असतो, हे धाकट्यालाही माहीत होतं. पण थोरलीनं ते ‘हो’च्या जवळचं मानलं. हवंहवंसं असलं की माणूस असंच ऐकतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी धाकट्याऐवजी तिलाच गाडी घेऊन मांस पोचवायला धाडलं. अप्पा दाराशी उभे राहून गाडी वळेपर्यंत बघत होते. एरवी ते कधी दाराशी येत नसत. वाटेत तिच्या मनात पाल चुकचुकली. शीतगृहावरच्या माणसानं ‘चहा घेऊन जा’ म्हटलं, तिनं नको म्हणून गाडी फिरवली.

आवारात शिरली तेव्हा घोरपड लांबच्या कुंपणाशी साखळीला होती. मागच्या पायांवर उभी राहून पुढे झेपावत होती, पट्टा गळ्यात रुतला होता, जीभ निळसर पडली होती, तोंडाला फेस. साखळीचा खांब हलत होता. शेजारी धाकटा पाण्याची नळी घेऊन उभा होता आणि पाणी त्याच्याच बुटांवर पडत होतं.

“ताई, मी काय करणार? त्यांनी सांगितलं, बांध. बांधली.”

पत्र्याच्या शेडमधून पिल्लाची किंकाळी आली. बारीक, लांबलचक. पाठोपाठ दुसरी.

थोरलीनं साखळीचा आकडा काढला.

तिला काय वाटलं होतं ते सांगायला हवं, कारण पुढे तिला ते कुणी विचारलं नाही. तिला वाटलं, आई धावत जाईल, टोपलीत पिल्लांवर आडवी पडेल आणि अप्पांना हात घालता येणार नाही. बस्स. घोरपडीनं आजवर माणसावर कधी दात दाखवला नव्हता. पाहुण्यांची पोरं तिच्या पाठीवर बसत. पण बाळंतिणीच्या कानात लेकरांचं ओरडणं गेलेलं असताना तिची पूर्वीची वागणूक काय कामाची, हा विचार थोरलीसारखीला सुचू नये, याला काय म्हणावं! रागानं डोळ्यांवर पट्टी बांधली होती, दुसरं काय.

ती कुत्रीमागे धावली. शेडच्या दारात पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. अप्पा बुटक्या स्टुलावर बसलेले, दोन पिल्लांचं काम झालेलं, तिसरं तळहातावर. घोरपडीनं टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं कात्रीचा हात कोपराखाली धरला. स्टूल उलटलं, कात्री पत्र्यावर आपटली, पिल्लू भुशात पडलं. अप्पा पाठीवर कोसळले आणि कुत्री त्यांच्या हाताला लटकली, दाढेपर्यंत, जशी शिकवली होती तशी. अंग मागे झोकून दिलेलं, डोळे मिटलेले.

अप्पा ओरडले. मग त्यांनी डाव्या मुठीनं तिच्या डोक्यावर ठोसे मारायला सुरुवात केली. जनावर जितकं हलेल तितकी पकड घट्ट करायची, हे त्यांनीच या घरातल्या कुत्र्यांच्या हाडात मुरवलं होतं. प्रत्येक ठोशाला घोरपड आणखी एक चावा आत जात होती. सदऱ्याची बाही लाल झाली, मग काळपट. हातातून कुरकुर आवाज आला.

“अप्पा, हलू नका! अंग सैल सोडा!”

“ही मेली पाहिजे! सुरा दे! सुरा दे इकडे!”

“मेल्यासारखे पडा, सोडेल ती! तुम्हीच शिकवलंय ना!”

“मला शिकवतेस? मला?”

आणि त्यांनी लाथ मारली. कुत्रीच्या बरगड्यांवर बसली, पकड हाडापर्यंत गेली. अप्पांच्या तोंडून जो आवाज निघाला तो डुकराच्या आवाजाहून वेगळा नव्हता. तेवढ्यात धाकटा दांडा घेऊन आला आणि त्यानं डोळे मिटून घोरपडीच्या पाठीत दोन हाणले. तिनं मान झटकली, आणि हात मनगटाकडून भलत्याच बाजूला वळला.

“थांब रे गाढवा!” थोरली ओरडली. “हात तोडायचाय का त्यांचा?”

अप्पांचा डावा हात आता जवळ वाकलेल्या थोरलीच्या कमरेकडे येत होता, सुऱ्याच्या म्यानाकडे. बोटं मुठीला लागलीसुद्धा. सुरा त्यांच्या हाती गेला असता तर घोरपडीचा गळा गेला असता आणि सहाच्या सहा पिल्लं आईविना राहिली असती. थोरलीनं त्यांचा हात हिसकून बाजूला केला. मग तिनं रोज करते तेच केलं. खाली बसली आणि बापाच्या मानेजवळ, खांद्यावर गुडघा दाबला.

घोरपडीनं एक डोळा उघडला. तिनं थोरलीकडे पाहिलं. ती नजर थोरलीच्या ओळखीची होती, शेकडो डुकरांवरून पाहिलेली: धरलंय, ये. आणि कुत्री जराशी बाजूला सरकली, सुऱ्याला जागा करून देत.

थोरलीनं सुरा उपसला.

अप्पांनी ते पाहिलं. “ए पोरी,” ते म्हणाले. हा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. त्यात हुकूम नव्हता, शिवी नव्हती, नुसती विनवणी होती. “ए पोरी, नको गं.”

हात वर गेला. आणि वर गेलेल्या त्या हातात केवढा राग होता! शेडमधलं प्रत्येक किंचाळलेलं पिल्लू त्यात होतं. तिची आई होती, जिनं आयुष्यभर यांच्या पावलांच्या आवाजावरून दिवस कसा जाणार ते ओळखलं आणि एका दुपारी कुणाला त्रास न देता मरून गेली. ‘बघू’ होतं. दाराशी उभं राहून गाडी जाताना बघणं होतं. गुडघ्याखाली त्यांची नस उडताना तिला जाणवत होती. एक क्षण असा होता की सुरा कुठे पडणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तो अप्पांच्या बगलेशी पडला. सदरा फाडून, भुशातून, खालच्या मातीत मुठीपर्यंत गेला. त्याच दणक्यासरशी अप्पांचं सगळं अंग एकदम सैल झालं. मान कलंडली, पाय पसरले, आणि त्यांच्या पँटखाली भुसा ओला होत गेला. ते मेले नव्हते, बेशुद्धही नव्हते. आपण मेलो असं त्यांना खरंच वाटलं होतं.

घोरपडीला दातांतून ते सैल पडणं कळलं. ती जरा थांबली, खात्री केली आणि हात सोडला. मग भुशात पडलेलं पिल्लू तोंडात उचलून टोपलीत गेली, आडवी झाली आणि रक्त आलेल्या दोन पिल्लांचे पाय चाटू लागली. तिचं काम झालं होतं.

थोरलीनं ओढणी काढून हात बांधला. तिचे हात न थरथरता बांधत होते, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं. दवाखान्यात जाताना धाकटा गाडी चालवता चालवता सारखा बोलत होता, आपण कुत्रीला मारायला गेलो आणि अप्पांना लागलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण, वगैरे. कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, टाके घातले, हाडाला चीर होती म्हणून पट्टा बांधला आणि विचारलं, “कुत्रं कुणाचं?”

“घरचंच,” अप्पा म्हणाले. “चूक माझी.”

माणसाला धरलेलं कुत्रं जिवंत ठेवायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. थोरली तो ऐकायच्या तयारीत उभी होती, उत्तरही तयार होतं. नियम आला नाही. डॉक्टरीणबाई सुई आणायला गेल्यावर अप्पांनी भिंतीकडे बघत विचारलं,

“सुरा कुठे पडणार ते तुला माहीत होतं ना?”

“होतं,” थोरली म्हणाली.

पण ते म्हणायला तिला जितका वेळ लागला, तितक्यात अप्पांना उत्तर मिळालं होतं. त्यांनी मान हलवली.

पुढचे दिवस घर विचित्र शांत होतं. पिल्लांचे डोळे उघडले. चार पिल्लांचे अंगठे शाबूत, दोघांचे गेलेले, आणि घोरपड त्यांच्यात फरक करत नव्हती. अप्पा शेडकडे गेले नाहीत. घोरपड अंगणात आली की ते पाय खुर्चीवर घेत. थोरली त्यांच्याशी बोलायला शब्द जुळवत होती. माझं चुकलं, मी साखळी काढायला नको होती, पण तुम्हीही मला फसवलंत, असं सगळं एकदा समोरासमोर बसून बोलायचं होतं. त्यांनी ओरडावं, तिनं ओरडावं आणि मग शेवटी पटावं, न पटावं. तारेत अडकलेल्या त्या कुत्र्याबद्दलही तिला एकदा नीट विचारायचं होतं.

एका दुपारी तिघं जेवायला बसली. अप्पांना डाव्या हातानं जमत नव्हतं, सांडत होतं. पाण्याचा पेला त्यांच्या हाताला येईना म्हणून थोरली उठली आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढे केला.

अप्पा दचकले. खुर्ची मागे सरकली आणि त्यांनी चांगला हात कोपरात वाकवून तोंडापुढे धरला. लहान मूल धरतं तसा. धाकट्याचा घास हातातच राहिला.

“अप्पा,” थोरली म्हणाली, “पाणी देतेय.”

“हो, हो.” त्यांनी हात खाली घेतला. हसायचा प्रयत्न केला. मग तिच्याकडे न बघता, घाईघाईनं, हळू आवाजात म्हणाले, “ते अंगठे राहू देत बरं का. या पिल्लांचे, पुढच्यांचेही. तुझंच बरोबर होतं. तू म्हणशील तसं.”

तिला जे शब्द हवे होते ते हेच होते, याच तोंडून हवे होते. ती पेला धरून उभी राहिली. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर अप्पांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या, ती काय म्हणते याची वाट बघणाऱ्या. तिनं पेला त्यांच्यापुढे ठेवला.

अप्पांनी तो लगेच उचलला. आता त्यांना तहान उरली नव्हती. तरी त्यांनी तो अख्खा संपवला, आणि रिकामा पेला तिला दिसेल असा ठेवला.